अर्ज म्हणजे भीक नव्हे
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)

आज मी तुमच्यापुढें कागदाविषयीं बोलणार आहें. नांगर कसा धरावा, वाकस कसा चालवावा, हें तुम्हांस शिकविण्याची माझी योग्यता नाहीं. तीं कामें तुमच्या हाडींमासीं मुरलेलीं आहेत. परंतु त्याच हातांत लेखणी आली म्हणजे तो हात कांपूं लागतो. कचेरींत अर्ज द्यावयाचा म्हटला कीं आपण पैसे देऊन तो दुसऱ्याकडून लिहवून घेतों, त्यानें काय लिहिलें तें वाचीत नाहीं, आणि खालीं सही किंवा आंगठा ठोकून मोकळे होतों. पुढें काम झालें नाहीं म्हणजे नशिबाला बोल लावतों. यांत नशिबाचा कांहीं संबंध नाहीं. पुष्कळ वेळां काम बुडतें तें अर्ज वाईट लिहिल्यामुळें, भलत्याच माणसाकडे दिल्यामुळें, किंवा त्याची पोच न घेतल्यामुळें.

कागद वाचतां न आल्याची किंमत आपल्या वाडवडिलांनीं केवढी दिली, हें पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवच्या हकीकतीवरून कळतें. १२ मे १८७५ रोजीं तेथील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. त्यांनीं मुख्यतः मागितलें काय? खतें आणि हिशेबाच्या वह्या. त्या त्यांनीं चव्हाट्यावर आणून जाळल्या. हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवीं पसरलें. ज्या कागदावर आपण आंगठा केला त्यांत काय लिहिलें आहे हें ठाऊक नाहीं, आणि त्याच कागदाच्या जोरावर जमीन जाते, ही ती आग होती. सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावें, सावकारानें पावती द्यावी, हिशेब दाखवावा, असें त्यांत घातलें. तो कायदा आतां इतिहासजमा झाला. पण त्यांतला धडा जुना झाला नाहीं. कागद जाळून कागदाचा जोर जात नाहीं. कागदाला कागदानेंच उत्तर द्यावें लागतें.

असें उत्तर आपल्याच लोकांनीं कसें दिलें तें पाहा. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईस परळ येथें गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. त्यांचे पुढारी 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. त्या वेळीं सरकारनें कारखान्यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें होतें. त्यापुढें ठेवण्यासाठीं अर्ज तयार झाला व त्यावर सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्या पडल्या. मागण्या मोजून पांच. आठवड्यांतून एक दिवस, रविवारीं, पुरी सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू व्हावें आणि सूर्यास्तास थांबावें. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा. कामावर जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचें पंगुत्व आलें तर उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी.

मंडळी, या मागण्या नीट ऐका. "आमचे फार हाल होतात, दया करा" असें त्यांत नाहीं. अर्धा तास, साडेसहा, १५ तारीख, असें मोजमाप आहे. वाचणाऱ्याला 'होय' किंवा 'नाहीं' म्हणणें भाग पडावें अशी प्रत्येक मागणी आहे. गुळमुळीत मागणीला गुळमुळीत उत्तर मिळतें. आणि अर्ज देऊन ते घरीं बसले नाहींत. १८९० च्या एप्रिलांत पुन्हां दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेंत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, रविवारच्या सुटीचा अर्ज पुन्हां झाला. आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें ती सुटी मान्य केली. पुढल्याच वर्षीं कारखान्यांच्या कायद्यांत आठवड्याची सुटी आली. पहिल्या अर्जापासून सहा वर्षें लागलीं. अर्ज हा पेरणीसारखा आहे. पेरून पाठ फिरवली तर पीक हातीं येत नाहीं.

दुसरा कित्ता जोतीराव फुले यांचा. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं त्यांनीं हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें निवेदन दिलें. त्यांनीं आधीं आपण चालविलेल्या शाळांची हकीकत सांगितली, म्हणजे हा माणूस ऐकीव गोष्टी बोलत नाहीं, हें वाचणाऱ्यास पटलें. मग सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो, हा मुद्दा मांडला. शेवटीं मागणी. तीही मोघम नाहीं: निदान बारा वर्षें वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, मोडी व बाळबोध वाचनलेखन, हिशेब, शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान शाळेंत द्यावें. मी कोण, मला हें कसें ठाऊक, घडलें काय, आणि मला काय पाहिजे, हा क्रम आजही कोणत्याही चांगल्या अर्जाचा क्रम आहे.

आतां आपल्या घरांतल्या गोष्टीकडे येऊं. बाप वारतो. सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें लावावयाचीं असतात. भाऊ आपलीं व आईचीं नांवें देतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचें नांव 'राहून' जातें. हिंदु वारसा कायदा १९५६ प्रमाणें मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत तिला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क आला, आणि त्या दुरुस्तीच्या वेळीं बाप हयात असणें जरूर नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं सांगितलें. परंतु कायदा सातबाऱ्यावर आपोआप उतरत नाहीं. कोणीतरी लिहावें लागतें.

अशी बहीण कचेरींत जाते तेव्हां तिला अर्ज कसा लिहून मिळतो? "मेहेरबान साहेबांचे सेवेशीं, मी एक गरीब अबला असून मला आपणांवांचून कोणाचा आधार नाहीं. भावांनीं मला फार छळलें. भावजय वाईट बोलते. तरी साहेबांनीं मजवर कृपादृष्टि करून न्याय द्यावा." यांत खोटें कांहींच नसेल, पण अधिकाऱ्यानें करावयाचें काय? गट नंबर नाहीं, फेरफाराचा नंबर नाहीं, बाप केव्हां वारला तें नाहीं, मागणी नाहीं. हा कागद फायलींत जाऊन झोपतो. भावजयीचें बोलणें तलाठ्याला दुरुस्त करतां येत नाहीं. वारसांची नोंद दुरुस्त करण्याची वाट मात्र त्याच्या वहींतून जाते. तेव्हां त्याच्या हातांत जें आहे तेंच त्याच्याजवळ मागावें.

तोच अर्ज असा लिहावा:

"प्रति, तलाठी, सजा अमुक. विषय: मौजे अमुक, फेरफार नंबर अमुक यास हरकत. (१) गट नंबर अमुक ही जमीन माझे वडील अमुक यांच्या नांवें होती. (२) ते अमुक तारखेस वारले. (३) त्यांच्या मागें पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असे चार वारस आहेत. ती मुलगी मी आहें. (४) सदर फेरफारांत पत्नी व दोन मुलगे यांचींच नांवें आहेत. माझें नांव नाहीं. (५) या नोंदीची माहिती मला अमुक तारखेस झाली. मागणी: माझी हरकत तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहींत घ्यावी, मला सुनावणी द्यावी आणि वारस म्हणून माझें नांव दाखल करावें. सोबत: वडिलांचा मृत्यूचा दाखला, माझा शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा व फेरफार यांच्या नकला. हरकतीची लेखी पोच मिळावी."

पाहा, एक पान भरलें नाहीं, आणि रडगाणें तर एक ओळ नाहीं. तरी हा कागद बाजूला सारणें अवघड. कां? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, तिचें कलम १५० असें सांगतें कीं फेरफाराची नोंद झाली म्हणजे तिची प्रत चावडींत लावावी आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवावें. हरकत तोंडी आली तरी ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहींत घेणें आणि हरकत घेणाऱ्यास तत्काळ लेखी पोच देणें हें तलाठ्याचें कर्तव्य आहे. म्हणजे ही बहीण कृपा मागत नाहीं. ज्याचें जें काम आहे तें करा, इतकेंच सांगते. (तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी असें नवें नांव मिळालें आहे; नांव बदललें तरी काम तेंच.)

येथें मुदतीचा विचार जपून करा. फेरफाराच्या नोटिशींत हरकतीस १५ दिवस दिलेले असतात. नोंद मंजूर होऊन गेली तर त्यावर प्रांताकडे ६० दिवसांच्या आंत अपील करावें लागतें. शेताची वाट कोणी अडविली तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ प्रमाणें सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे जावें लागतें. "सुगी आटोपूं द्या, मग बघूं" असें म्हणतां म्हणतां मुदत निघून जाते, आणि मग खरा असलेला माणूस उशीराची माफी मागत फिरतो. म्हणून कागद हातीं पडला कीं प्रथम त्याच्यावर तो मिळाल्याची तारीख घाला. दहा अर्जांतल्या दोन अर्जांना जरी हें एक वळण लागलें तरी पुष्कळ जमिनी वांचतील.

आतां अर्ज लिहितांना पाळावयाच्या चार गोष्टी सांगतों.

पहिली, एका अर्जांत एकच काम. रेशनकार्ड, विहिरीचें अनुदान आणि शेजाऱ्याचा बांध हीं तीन कामें तीन टेबलांवर होतात. तिन्ही एका कागदावर घातलीं कीं प्रत्येक कारकून तो कागद दुसऱ्याकडे ढकलतो, आणि त्याचें फारसें चुकतही नाहीं.

दुसरी, हकीकत तारखेच्या क्रमानें लिहावी. "मागच्या उन्हाळ्यांत", "बरेच दिवसांपूर्वीं" हे शब्द टाळावे. जें डोळ्यांनीं पाहिलें तें पाहिलें म्हणावें, जें ऐकलें तें ऐकलें म्हणावें. एक गोष्ट फुगवून लिहिली आणि ती उघडी पडली, म्हणजे उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो.

तिसरी, आदर असावा, लाचारी नसावी. 'महोदय' पुरे आहे, 'मायबाप' नको. त्याचप्रमाणें शिवीगाळ व धमकीही नको. राग आला असेल तर अर्ज रात्रीं लिहा आणि सकाळीं वाचून मग द्या. वाचणारा माणूस रागाला उत्तर देऊन मोकळा होतो आणि मुद्दा तसाच राहतो.

चौथी आणि सर्वांत मोठी, पोच. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरींत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख व घेणाऱ्याची सही घ्या. "ठेवून जा, बघतों" या शब्दांवर कागद सोडूं नका. पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टानें पाठवून पावती त्याच प्रतीला टांचून ठेवा. मूळ दाखला कधीं देऊं नका; नक्कल द्या, मूळ दाखवा. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेंच.

पोच घेतली आणि तरी महिनाभर हालचाल नाहीं, तर काय करावें? माहितीचा अधिकार कायदा २००५ तुमच्या हातांत आहे. त्याचा अर्ज मराठींत चालतो. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसास तीही नाहीं. माहिती कशाला पाहिजे हें सांगावें लागत नाहीं. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणें अर्ज एकाच विषयाचा व साधारणतः १५० शब्दांच्या आंत असावा. त्यांत "माझें काम कां केलें नाहीं?" असा वाद घालूं नका. "माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, तो कोणत्या तारखेस कोणाकडे होता, त्यावरील शेऱ्यांच्या नकला द्याव्या," असें मागा. उत्तरास ३० दिवसांची मुदत आहे. न मिळाल्यास त्याच कचेरींतील वरिष्ठाकडे ३० दिवसांत पहिलें अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरें. ज्याला लिहितां येत नाहीं त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपांत आणण्यास मदत करणें हें माहिती अधिकाऱ्याचेंच काम आहे, असें कायद्यांत लिहिलें आहे. दाखल्यांसारख्या ठरवून दिलेल्या कामांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ लागू आहे. त्यांत कामाची मुदत बांधलेली असते, अर्जाला नंबर मिळतो, आणि नकार द्यावयाचा तर कारण लेखी द्यावें लागतें. म्हणून तोंडी नकार कधीं घेऊं नका. "तेवढें लिहून द्या" एवढें शांतपणें म्हणा.

माझ्या कारागीर बंधूंस वेगळें सांगावयाचें आहे. तुमचें बहुतेक येणें कचेरीकडे नसतें, गिऱ्हाइकाकडे असतें. सुतार, शिंपी, लोहार, विणकर यांची मजुरी तोंडी ठरते, माल विश्वासावर जातो, आणि पैशासाठीं सहा महिने खेटे घालावे लागतात. दुकानदारापुढें तोंडानें भांडण्यापेक्षां त्याला एक पत्र लिहा. समजा, सुतारानें १२ दारें प्रत्येकी ४,५०० रुपये दरानें करून दिलीं. एकूण ५४,००० रुपये, उचल २०,००० मिळाली, बाकी ३४,०००. पत्रांत एवढाच हिशेब, माल पोंचविल्याची तारीख, चलनाची किंवा बिलाची नक्कल, आणि "बाकी अमुक तारखेपर्यंत द्यावी, हिशेबांत फरक वाटत असल्यास लेखी कळवावें," असें लिहा. "तुम्ही लबाड आहां" असें लिहूं नका. त्याचें उद्यांचें काम तुम्हांलाच पाहिजे असेल, आणि त्यालाही तुमचा हात पाहिजे असेल. पैसे द्यावयास त्याला अब्रूची वाट ठेवा.

त्या शेवटच्या वाक्यांत एक मख्खी आहे. येणें साधारणतः तीन वर्षांच्या आंत कोर्टांत मागावें लागतें. त्या मुदतींत देणेकऱ्यानें सहीनिशीं "होय, एवढी बाकी आहे, दिवाळीनंतर देतों," असें लिहून दिलें, तर त्या तारखेपासून मुदत पुन्हां नव्यानें धरली जाते. तोंडी वायद्याला ती किंमत नाहीं. शिवाय ज्या लहान कारागिरानें सरकारांत उद्यम नोंदणी केली आहे, त्याच्या मालाचे किंवा कामाचे पैसे २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणें ठरलेल्या तारखेस, आणि कसेंही झालें तरी ४५ दिवसांच्या आंत देणें खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतें, आणि दाद मागण्यास त्या कायद्याखालीं परिषद आहे. मात्र नोंदणी माल देण्याच्या आधीं केलेली असावी. पहिल्या पत्रांत या कायद्याचा नुसता उल्लेख करा. दुसऱ्या पत्रांत, जरूर पडल्यास, तारीख घालून सांगा.

आतां शेवटीं, जे दुसऱ्यासाठीं अर्ज लिहितात त्यांस दोन शब्द. घरोघर आतां शिकलेलीं मुलें आहेत. त्यांनीं आजीचा, चुलत्याचा अर्ज लिहावा, पण लिहून झाल्यावर तो मोठ्यानें वाचून दाखवावा, "हेंच तुम्हांला म्हणावयाचें आहे ना?" असें विचारावें, आणि मगच सही घ्यावी. कोऱ्या कागदावर सही किंवा आंगठा घेणारा आपला सख्खा असला तरी त्याला नाहीं म्हणावें. हल्लीं आंगठा यंत्रावरही ठेवावा लागतो. तेथेंही "हा कशासाठीं?" हें विचारल्याशिवाय बोट पुढें करूं नये. आणि ज्या बाईच्या नांवें जमीन, बचत गटाचें खातें किंवा घर आहे, तिच्या वतीनें नवऱ्यानें किंवा मुलानें परस्पर अर्ज देऊं नये. तिनें स्वतः वाचावा, स्वतः द्यावा, पोचेवर स्वतःचें नांव पाहावें.

प्रत्येक घरांत एक पिशवी करा. तींत सातबारा, खरेदीखतें, पावत्या, बिलें आणि दिलेल्या सर्व अर्जांच्या पोचा तारखेप्रमाणें लावून ठेवा. ती कोठें आहे हें घरांतल्या दोघांना तरी ठाऊक असावें, आणि त्यांतली एक बाई असावी. बी-बियाण्याची पिशवी आपण उंदरांपासून जपतों. ही पिशवी विसराळूपणापासून जपा.

बंधुभगिनींनो, ५,५०० कामगारांनीं ज्या अर्जावर सह्या केल्या, त्यांतील पुष्कळांना तो वाचतां आला नसेल. तुम्हांला वाचतां येतो. तुमच्या मुलीला लिहितां येतो. आज घरीं गेल्यावर, जें एक काम वर्षभर अडलें आहे, त्याचा अर्ज तिच्याकडून लिहून घ्या. एक पान, एक मागणी, खालीं तारीख. आणि उद्यां पोच घेऊनच घरीं या.